उंदरिणीचे दूध आणि प्रश्नपेटीतली चिठ्ठी

घोडेगावला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील काही विज्ञान-शिक्षकांशी आमच्या गप्पा चालल्या होत्या. विषय होता विषाणू. चहाच्या सुट्टीत, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळेतील बाई आमच्याजवळ आल्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून दाखवली. वर्गातल्या प्रश्नपेटीत ती सापडली होती. खाली नाव नव्हते.

"माझ्या आईला छातीचा कॅन्सर झाला होता. मी तिचंच दूध पिऊन वाढले. मला पण होईल का?"

बाई म्हणाल्या, "चूक माझीच आहे. उंदरिणीच्या दुधातून पिल्लाला कॅन्सर होतो, असं एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. मुलांना गंमत वाटेल म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेटीत ही चिठ्ठी. आता काय उत्तर देऊ?"

बाईंनी वर्गात सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते, पण ती गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी सांगायला चहाची सुट्टी पुरली नाही, म्हणून हा लेख. उंदरांतील एका विषाणू-कुळाचा हा इतिहास आहे. त्याचा एक धागा मुंबईच्या परळमधून जातो आणि दुसरा अमेरिकेतील कबुतरे पाळण्याच्या एका जागेतून. दोन्ही धागे अखेर त्या चिठ्ठीपाशी येतात.

दोन वाणांचे कोडे

शेतकरी जसे बियाण्याचे शुद्ध वाण राखतो, तसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शास्त्रज्ञ उंदरांचे वाण राखू लागले. भावाबहिणींचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करत गेले की त्या वाणातील सर्व उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. अशा काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर काहींत तो क्वचितच दिसे. तेव्हा हा सरळसरळ आनुवंशिकतेचा मामला आहे, असे सगळ्यांना वाटले.

ते तपासण्यासाठी अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत साधा प्रयोग झाला. कर्करोग-प्रवण वाणाची मादी आणि कर्करोग-मुक्त वाणाचा नर यांची जोडी लावली. मग उलट जोडी लावली: मादी मुक्त वाणाची, नर प्रवण वाणाचा. आता मुलींना गुणसूत्रे आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी मिळतात. म्हणजे दोन्ही जोड्यांच्या मुली गुणसूत्रांच्या बाबतीत सारख्याच. कर्करोगाचे प्रमाणही सारखेच दिसायला हवे होते.

तसे दिसले नाही. आई प्रवण वाणाची असेल तर मुलींना कर्करोग होई. बाप प्रवण वाणाचा असला तर फारसा होत नसे. १९३३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईकडून मुलीकडे गुणसूत्रांखेरीज आणखी काहीतरी जात होते. त्याच्या वाटा तीन असू शकत होत्या: बीजांडातील पेशीद्रव, गर्भाशय किंवा दूध.

१९३६ साली जॉन बिटनर यांनी याचा उलगडा केला. त्यांची युक्ती कोणाही गुराख्याला समजेल अशी होती. वासरू दुसऱ्या गाईला लावतात, तशी त्यांनी पिल्ले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईच्या अंगावर पाजायला दिली. प्रवण वाणाच्या पिल्लांना मुक्त वाणाच्या दाईने पाजले, तर मोठेपणी त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण एकदम घटले. रोग दुधातून जात होता. बिटनर यांनी 'विषाणू' हा शब्द टाळला आणि 'दुधातील घटक' एवढेच म्हटले. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो असे म्हणणे त्या काळी फारसे मानाचे नव्हते. पेटन राउस यांनी १९११ सालीच कोंबड्यांमधील एक कर्करोग पेशीविरहित अर्काने दुसऱ्या कोंबडीत उतरवून दाखवला होता. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते १९६६ साली, म्हणजे ५५ वर्षांनी!

परळची प्रयोगशाळा

हे कोडे ज्यांनी आपल्याकडे आणले त्या डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण कमलताई जीवशास्त्राकडे वळल्या. लग्नानंतर मुंबईला आल्यावर त्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि पेशी शरीराबाहेर, काचपात्रात वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले. तेथे त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. हीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि तिचे काम आज खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये चालते.

परदेशी वाणाचे उंदीर आणून त्यांवर काम करणे शक्य होते. डॉ. रणदिवे यांनी तेवढ्यावर भागवले नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी संस्थेतच स्तनाच्या कर्करोगाला प्रवण असे एक वाण सिद्ध केले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले 'आयसीआरसी'. अशा कामात चमकदार क्षण फारच थोडे. पिंजरे, पिढ्यांच्या नोंदी, कोणत्या मादीला गाठ कधी आली याचे तक्ते. एक वाण शुद्ध व्हायला भावाबहिणींच्या संकराच्या किमान २० पिढ्या जाव्या लागतात. तेवढी वर्षे नोंदवही चुकून चालत नाही.

या कामातून त्यांच्या मनात एक गोष्ट ठसत गेली. रोगाचे कारण एकच एक नसते. दुधातील घटक हवा, वाणाची आनुवंशिक घडण त्याला अनुकूल हवी आणि संप्रेरकांची साथही हवी. या तिन्हींच्या परस्परक्रियेतून गाठ तयार होते. त्या प्रवण वाणातील नरांच्या शरीरातही हा घटक असे, पण त्यांना स्तनाच्या गाठी सहसा होत नसत. कारण गर्भारपणाची आणि दूध येण्याच्या काळाची संप्रेरके त्यांच्यात नव्हती. हा मुद्दा बाईंच्या चिठ्ठीसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून लक्षात ठेवू या.

उलटे वाचणारा विषाणू

दरम्यान उंदरांच्या दुसऱ्या एका रोगाचे कारणही उघडे पडले. ल्युडविक ग्रॉस हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका रुग्णालयात काम करत. १९५१ साली त्यांनी रक्ताच्या कर्करोगाला प्रवण असलेल्या वाणाच्या उंदरांचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या वाणाच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला. पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना तोच कर्करोग झाला. मोठ्या उंदरांना टोचून हे साधत नव्हते. जन्मल्यानंतरच्या थोड्या दिवसांतच ते दार उघडे असते.

दुधातील घटक आणि ग्रॉस यांचा घटक हे दोन्ही एकाच कुळातील विषाणू निघाले. त्यांचे आनुवंशिक द्रव्य आरएनएचे असते. आपल्या पेशींत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, असे आपण वर्गात शिकवतो. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की या विषाणूंजवळ उलट दिशेने काम करणारे विकर असते. ते आरएनए वाचून डीएनए लिहिते. याबद्दल दोघांना रेनाटो डल्बेको यांच्यासह १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या उलट्या चालीमुळे कुळाला रेट्रोव्हायरस हे नाव मिळाले.

नुसते उलटे लिहून हा विषाणू थांबत नाही. लिहिलेला डीएनए तो पेशीच्या गुणसूत्रात कायमचा घुसवतो. कल्पना करा की शाळेच्या सूचनावहीत कोणी मधेच आपले एक पान चिकटवले. त्या पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, "हे पान पुन्हा पुन्हा वाचा." शिपाई ते पान वाचतोच, शिवाय लगतचे पानही पुन्हा पुन्हा वाचत सुटतो. लगतच्या पानावर "उद्या सुट्टी" असे असेल, तर शाळेचे काय होईल?

पेशीत नेमके हेच घडते. १९८२ साली रोएल नुसे आणि हॅरोल्ड वार्मस यांनी उंदरांच्या स्तनांतील गाठी तपासल्या. अनेक गाठींत विषाणूचे पान गुणसूत्राच्या एकाच भागात, एका विशिष्ट जनुकाच्या शेजारी चिकटलेले सापडले. हे जनुक पेशीला वाढीचा संदेश देते. एरवी मोठ्या उंदरिणीच्या स्तनात ते गप्प असते. विषाणूच्या शेजारामुळे ते सतत वाचले जाऊ लागले. पुढे कळले की फळमाशीत हेच जनुक पंखांच्या घडणीसाठी लागते. म्हणजे ज्या जनुकाने कर्करोग झाला, ते शरीर घडवणारे साधेसुधे जनुकच होते. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी ते बोलू लागले इतकेच.

बिटनर यांच्या कोड्यातील मधली पायरीही नंतर स्पष्ट झाली. दुधातून आलेला विषाणू पिल्लाच्या आतड्यातील संरक्षक पेशींत शिरतो. तेथे त्याचे एक प्रथिन इतर संरक्षक पेशींना भडकवते. पेशी भराभर वाढतात आणि वाढत्या पेशींबरोबर विषाणूही वाढतो. याच पेशींवर बसून तो स्तनग्रंथींपर्यंत पोचतो आणि वाट पाहतो. मादी गाभण राहिली, दूध उतरू लागले की संप्रेरकांच्या इशाऱ्यावर विषाणूचे पान जोराने वाचले जाते. मग दुधातून पुढची पिढी. पहारेकऱ्याच्याच पाठीवर बसून चोर वाड्यात शिरावा, तसा हा प्रकार.

कबुतरांच्या दाण्यावर वाढलेले उंदीर

आतापर्यंतचे सारे उंदीर पिंजऱ्यातले होते. त्यामुळे एक शंका उरत होती. हे सगळे माणसाने भावाबहिणींचे संकर करून घडवलेले तर नाही? रानात, घरात, कणगीत फिरणाऱ्या उंदरांचे काय?

मरे गार्डनर या कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञाने ही शंका मनावर घेतली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी लॉस एंजलिसच्या आसपास ठिकठिकाणी घरउंदीर पकडून ते म्हातारे होईपर्यंत पाळले. बहुतेक ठिकाणचे उंदीर निरोगी निघाले. त्यांच्यात हा विषाणू फारसा वाढत नव्हता. पण कॅसिटास तलावाजवळ, मांसासाठी कबुतरे पाळण्याच्या एका ठिकाणचे उंदीर वेगळे निघाले. कबुतरांचा सांडलेला दाणा खाऊन ते तेथे दाटीवाटीने राहत होते. त्यांतील अनेकांच्या रक्तात जन्मभर विषाणू सापडे. वय वाढले की काहींचे मागचे पाय थरथरू लागत, मग लुळे पडत आणि उंदीर मागचा भाग ओढत चाले. काहींना लसीका ग्रंथींचा व प्लीहेचा कर्करोग होई. १९७३ साली गार्डनर आणि सहकाऱ्यांनी हा लकवा विषाणूमुळे होतो, असे प्रसिद्ध केले. एकाच विषाणूपासून दोन रोग होत होते, एक मज्जासंस्थेचा आणि दुसरा कर्करोग.

लकवा झालेल्या उंदराचा मेरुरज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींच्या भागात बारीक बारीक पोकळ्या दिसत. तो भाग स्पंजासारखा झालेला असे. पोलिओतही याच प्रकारच्या चेतापेशी मरतात. पण येथे पोलिओसारखी सूज जवळजवळ नसे. पुढील तपासात आणखी आश्चर्य पुढे आले. विषाणू मुख्यतः सापडे तो चेतापेशींत नव्हे, तर त्यांच्या शेजारच्या साहाय्यक पेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. शेजारी आजारी पडतो आणि चेतापेशी मरते. विषाणूच्या कोणत्या भागामुळे असे होते, हे शोधण्यासाठी दोन विषाणूंचे तुकडे अदलाबदल करून जोडले गेले. दोष मुख्यतः बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनात सापडला. ही बाधाही पिल्लाच्या पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात व्हावी लागते. त्यानंतर रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर व प्रतिकारशक्ती तयार झालेली असते.

आणि बाधेची मुख्य वाट कोणती? पुन्हा दुधाचीच.

यापुढचा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कॅसिटासचे सारेच उंदीर आजारी पडत नव्हते. त्याच दाटीत, तोच दाणा खाऊन काही उंदीर पूर्ण सुरक्षित राहत. १९८० साली गार्डनर यांच्या गटाने त्याचे कारण सांगितले. या उंदरांत एक प्रभावी जनुक होते. जपानमध्ये उंदरांच्या एका वाणात सापडलेले रक्षक जनुकही तेच ठरले. ते बारकाईने तपासले तेव्हा कळले की तो खुद्द जुन्या रेट्रोव्हायरसचाच एक तुटका तुकडा आहे. कधीकाळी एक विषाणू उंदराच्या बीजपेशीत शिरला आणि वंशात मुरला. त्याचे बाकीचे अवयव गळून गेले, फक्त आवरणाच्या प्रथिनाचे जनुक शिल्लक राहिले. ते प्रथिन पेशीच्या दारातील कडीला आतूनच जाऊन अडकते. मग बाहेरून आलेल्या नव्या विषाणूला पकडायला कडीच मोकळी नसते. जुना दरोडेखोर दारावर रखवालदार म्हणून बसावा, तशी ही गोष्ट.

हे जनुक आशियातल्या घरउंदरांकडून तेथे गेले असावे. घरउंदरांची आशियाई उपजात, म्हणजे जी भारतातही घरोघर आढळते ती, कॅसिटासजवळ युरोपीय उपजातीशी मिसळलेली आहे, हे १९९८ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले. उंदरांचा असा प्रवास माणसाच्या मालाबरोबर, जहाजांतून होत आला आहे. जुन्नरकरांना यात नवल वाटू नये. नाणेघाटातून माल कोकणातल्या बंदरांकडे उतरत होता, त्या काळी धान्याच्या गोणीतून उंदीर गेले नसतील असे कोण म्हणेल!

माणसाच्या डीएनएमध्येही असे जुने रेट्रोव्हायरस मुरलेले आहेत. त्यांच्या अवशेषांनी आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग व्यापला आहे. रोग लागण आहे की वारसा, हा प्रश्न १९३३ साली जॅक्सन प्रयोगशाळेने विचारला. रेट्रोव्हायरसने उत्तर दिले की कधी लागणच वारसा होते आणि तो वारसाच पुढच्या लागणीला अडवतो.

मुंबईतील एक शोध आणि एक धडा

आता चिठ्ठीकडे वळू. उंदरिणीच्या दुधात विषाणू आहे, तर माणसाच्या दुधात नसेल कशावरून? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात मुंबईचा मोठा वाटा होता.

मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे, असे दिसले होते. हा समाज लहान आणि लग्ने बहुधा आपापसातच. तेव्हा उंदरांच्या वाणाशी तुलना मनात येणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील डॅन मूर यांच्या गटाबरोबर परळच्या संस्थेतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती शिरसाट आणि टाटा रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी काम केले. काही पारशी स्त्रियांच्या, तसेच घराण्यात हा रोग असलेल्या काही अमेरिकन स्त्रियांच्या दुधात त्यांना उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले. १९७१ साली 'नेचर'मध्ये हा निबंध आला. जगभर खळबळ उडाली. घराण्यात स्तनाचा कर्करोग असेल तर बाळाला अंगावर पाजू नये काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

येथे घटकाभर थांबू. तेव्हा घाईने "पाजू नका" असा सल्ला सगळीकडे दिला गेला असता, तर काय झाले असते? जेथे स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला पुरेसे जळण नाही, तेथे वरच्या दुधाने जुलाब होऊन किती बाळे दगावली असती? आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वस्त्यांत याचे उत्तर कोणीही आजी देईल.

सुदैवाने तो कण म्हणजे निकाल असे मानले गेले नाही. विज्ञानाने तीन साधे प्रश्न विचारले. पहिला: दिसायला सारखा कण म्हणजे रोग देणारा विषाणूच का? तसे सिद्ध झाले नाही. दुसरा: रोग दुधातून जात असेल, तर आईचे दूध प्यालेल्या मुलींना तो जास्त व्हायला हवा. तसे आढळले नाही. तिसरा: अमेरिकेत अंगावर पाजण्याचे प्रमाण विसाव्या शतकात बरेच घटले होते, मग तेथे हा रोगही घटला का? उलट तो वाढला. पारशी स्त्रियांतील जास्त प्रमाणाला उशिरा लग्न आणि थोडी मुले यांसारखी कारणे पुढे आली. उंदरांच्या विषाणूशी साम्य असलेले डीएनएचे तुकडे माणसाच्या गाठीत सापडल्याचे दावे १९९० च्या दशकापासून अधूनमधून होत आले आहेत. पण त्यांतून रोगाचे कारण सिद्ध झालेले नाही.

उलट पक्षी एक चांगली बातमी आली. ३० देशांतील ४७ पाहण्या एकत्र करून २००२ साली निष्कर्ष निघाला की स्तनपानाने आईचाच स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. एकूण पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी.

मग उंदीर फुकट गेले काय?

मुळीच नाही. माणसात रेट्रोव्हायरस सापडले, ते वेगळ्या जागी. १९८० साली रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने माणसातील पहिला रोगकारक रेट्रोव्हायरस, एचटीएलव्ही-१, वर्णन केला. तो काही जणांना रक्तपेशींचा एक कर्करोग देतो आणि काहींचे पाय हळूहळू ताठ व लुळे करतो. कॅसिटासच्या उंदराचे हे जवळजवळ प्रतिबिंबच, मार्ग मात्र वेगळा. आणि लहान मुलाला तो मिळतो मुख्यतः आईच्या दुधातून! जपानमधील नागासाकी भागात १९८७ पासून गर्भवतींचे रक्त तपासून बाधित मातांना वरचे दूध देण्याचा सल्ला दिला गेला. बाळांना होणारी लागण सुमारे २० टक्क्यांवरून २.५ टक्क्यांपर्यंत उतरली. तेथे तो सल्ला बरोबर होता. विषाणू सिद्ध झाला होता, तपासणी होती आणि पाणी स्वच्छ होते.

एड्सचा एचआयव्ही हाही रेट्रोव्हायरस. तोही मेंदूला इजा करतो आणि प्रतिकारशक्ती खचवून काही कर्करोगांना वाट करून देतो. तोही दुधातून जाऊ शकतो. पण वरचे दूध सुरक्षितपणे देता येत नाही अशा ठिकाणी आईने औषधे घेत बाळाला पाजावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दिला. म्हणजे उत्तर विषाणूवर अवलंबून असते, तसेच घरातल्या पाण्यावरही.

कॅसिटासच्या उंदरांत सापडलेल्या दुसऱ्या एका विषाणूचे आवरण शास्त्रज्ञांनी जनुकोपचारासाठी वापरले, कारण ते माणसाच्या पेशीतही शिरू शकते. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना पॅरिसमध्ये असा उपचार मिळाला आणि त्यांतील बहुतेक सुधारली. पण २००२ पासून काहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचे दिसू लागले. घातलेले पान वाढीच्या एका जनुकाशेजारी चिकटले होते. उंदरांनी २० वर्षांपूर्वीच दिलेला इशारा खरा ठरला. त्यानंतर वाहक विषाणूंची रचना बदलण्यात आली.

चिठ्ठीचे उत्तर

डॉ. कमल रणदिवे यांनी निवृत्तीनंतर जुन्नरच्या शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्याच्या कामात त्या गुंतल्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले होते आणि २००१ साली त्यांचे निधन झाले. आयुष्यभर उंदरिणीच्या दुधातील रोगाचा अभ्यास केलेल्या या बाई अखेरीस माणसाच्या बाळांच्या आहाराची काळजी करत होत्या. यात विसंगती काहीच नाही. उंदीर कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो, हे त्यांच्याइतके नीट कोणाला ठाऊक असणार?

वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर आमची एक सूचना आहे. फळ्यावर जॅक्सन प्रयोगशाळेच्या दोन जोड्या काढा, मुलींतील फरक सांगा आणि पुढे काही सांगू नका. कारण कोणते असेल आणि ते कसे तपासाल, हे मुलांना विचारा. शेळी-गाय पाळणाऱ्या घरातले एखादे मूल "पिल्लू दुसरीला लावून बघू" असे म्हणेल, याची आम्हाला खात्री आहे. मग तीच कसोटी माणसाला लावताना पारशी स्त्रियांबाबत विचारलेले तीन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. गोष्ट तेथे पूर्ण होते.

आणि चिठ्ठी? बाईंना आम्ही सुचवलेले उत्तर असे होते. ते वर्गासमोर वाचू नये, प्रश्नपेटीशेजारी लावून ठेवावे, म्हणजे जिचे आहे तिला ते मिळेल.

"आईच्या दुधातून तुला कॅन्सर आलेला नाही आणि येणारही नाही. उंदरांत तो विषाणू असतो. माणसाच्या दुधातून हा रोग जातो असे शोधूनही सापडलेले नाही. तू दूध प्यालीस म्हणून आईलाही काही झाले नाही, पाजण्याने आईचा धोका थोडा कमीच होतो. हा रोग ताटातून, कपड्यातून, जवळ बसल्याने लागत नाही. आईला हा रोग झाला असेल, तर मुलीला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा काहीशी जास्त असते, पण अशा बहुतेक मुलींना तो होत नाही. म्हणून मोठी झाल्यावर डॉक्टरांना आईबद्दल सांग आणि ते सांगतील तेव्हा तपासून घे. लवकर कळले तर बरा होण्याची शक्यता खूप असते. आणखी काही विचारायचे असेल, तर पेटी उघडी आहे."